मेरीजोआ दोन मजल्यांचं आहे, आपलं गाव अनेक मजल्यांचं

२०२५च्या ऑगस्टमध्ये, स्वातंत्र्यदिनाच्या तोंडावर, इंडोनेशियात लोकांनी घरांवर आणि ट्रकांवर एक काळा झेंडा लावला. कवटी, मागे दोन हाडं आणि कवटीवर लाल फितीची गवती टोपी. पुढच्याच महिन्यात काठमांडूचा सिंहदरबार जळत होता, तेव्हा त्याच्या फाटकावर हाच झेंडा होता. हा कुठल्या पक्षाचा झेंडा नाही. ‘वन पीस’ या जपानी अ‍ॅनिमेतल्या लुफी नावाच्या पोराच्या चाचे-टोळीचा आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या मच्छीमारी बोटींवर खलाशी म्हणून नेपाळी पोरं बरीच असतात, त्यामुळे आमच्या नाटे गावात तो टीव्हीच्या आधी खलाशांच्या मोबाइलवरून पोचला. आता वाडीतल्या दोन मोटारसायकलींवर तो चिकटवलेला आहे. एकीवर शेजारी ‘जय भीम’ही आहे.

त्यावरून मला तीन प्रकारची वाक्यं ऐकावी लागतात. चळवळीतले वडीलधारे म्हणतात, आमची पिढी रात्रभर पुस्तकं वाचायची, ही पोरं रात्रभर कार्टून बघतात. पुण्या-मुंबईचे सवर्ण अ‍ॅनिमेप्रेमी समाजमाध्यमावर सांगतात, निदान अ‍ॅनिमेत तरी जात आणू नका. आणि आपली पोरं म्हणतात, ताई, यात सगळं आपलंच आहे, फक्त नावं जपानी आहेत.

माझं म्हणणं असं, की पहिले दोघं चुकीचे आहेत आणि तिसरे निम्मे बरोबर आहेत. त्या उरलेल्या निम्म्यासाठी हा लेख.

आधी वडीलधाऱ्यांसाठी दोन शब्द. जोतीरावांनी १८७३मध्ये ‘गुलामगिरी’ लिहिली आणि ती अमेरिकेतल्या काळ्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या तिथल्या लोकांना अर्पण केली. पुण्यात बसून एका परक्या देशाच्या लढाईत त्यांना आपली लढाई दिसली. १९७२मध्ये आपल्या तरुणांनी संघटनेला नाव दिलं तेही ओकलंडच्या ब्लॅक पँथरवरून. दुसऱ्याच्या गोष्टीत आपली गोष्ट वाचणं ही आपली जुनी सवय आहे आणि चांगली सवय आहे. माध्यम बदललं म्हणून नाक मुरडायचं कारण नाही.

सवर्ण मित्रांसाठी थोडं जास्त. त्यांना वाटतं जपान म्हणजे जातीच्या पलीकडचा देश. त्या देशात मेलेली गुरं ओढणारे, कातडी कमावणारे, खाटीककाम करणारे लोक शेकडो वर्षं गावाबाहेरच्या वस्तीत राहिले. त्यांना आज बुराकुमिन म्हणतात. १८७१मध्ये तिथल्या सरकारनं फर्मान काढून त्यांची हीन नावं रद्द केली. नावं गेली, वस्त्या राहिल्या. ३ मार्च १९२२ला क्योतोमध्ये त्यांनी ‘सुइहेइशा’ ही संघटना काढली, म्हणजे महाडच्या चवदार तळ्याच्या पाच वर्षं आधी. आणि १९७५मध्ये उघड झालं, की या वस्त्यांच्या पत्त्यांच्या याद्या छापून कंपन्यांना विकल्या जात होत्या. नोकरीला येणारा पोरगा कुठल्या वस्तीतला, हे त्यात बघून ठरवायचं. आपल्याकडे आडनाव विचारतात, तिथे पिनकोड बघत होते.

आपण बौद्ध आहोत म्हणून एक गोष्ट मुद्दाम सांगते. जपानमध्ये माणूस मेल्यावर बौद्ध मंदिराकडून त्याला धार्मिक नाव मिळतं. कित्येक मंदिरांनी बुराकुमिनांच्या त्या नावात अशी अक्षरं घातली, की थडग्यावरूनही जात कळावी. बुद्धाचं नाव घेतलं की जात आपोआप सुटते, असं आपल्याकडे ज्यांना वाटतं त्यांनी यावर जरा विचार करावा.

‘वन पीस’चा लेखक एईचिरो ओदा बुराकुमिनांवर लिहितो असा माझा दावा नाही. माझा दावा एवढाच, की ज्या मातीत ही गोष्ट उगवली ती माती सोवळ्या-ओवळ्याला अनोळखी नाही. तेव्हा ‘जात आणू नका’ हे सांगण्याची घाई करू नये.

आता त्या जगाकडे. ज्यांनी बघितलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, कारण १९९७पासून छापील आणि १९९९पासून पडद्यावर चाललेली, हजाराहून जास्त भागांची ही गोष्ट पुरती सांगायला मला निवृत्तीपर्यंत वेळ लागेल.

सगळं जग समुद्र आहे. त्या समुद्राला वेढून पृथ्वीभर एक प्रचंड उभा लाल डोंगर आहे, रेड लाइन. त्याच्या माथ्यावर मेरीजोआ नावाची पवित्र नगरी. आठशे वर्षांपूर्वी वीस राजांनी मिळून जागतिक सरकार स्थापन केलं. त्यांचे वंशज तिथे राहतात, ते तेनर्युबितो. त्यांचं कर्तृत्व काय? त्या राजांच्या पोटी जन्मले, एवढंच. ते खाली आले तर रस्त्यावरच्या प्रत्येकानं गुडघे टेकायचे. त्यांच्या अंगाला हात लावला तर नौदलाचा अ‍ॅडमिरल चालून येतो. ते माणसं विकत घेतात, गळ्यात स्फोट होणारा पट्टा घालतात, पाठीवर डाग देतात. आणि डोक्यावर काचेसारखा एक गोल बुडबुडा घालून फिरतात. कशासाठी? सामान्य लोकांनी सोडलेला श्वास त्यांच्या नाकात जाऊ नये म्हणून.

हा बुडबुडा पहिल्यांदा पडद्यावर आला तेव्हा आमच्या वाडीतल्या नववीतल्या एका मुलीनं मोबाइल थांबवला आणि म्हणाली, हे तर विटाळ पाळतायत. तिला कुणी समाजशास्त्र शिकवलेलं नव्हतं. मला एम.ए.ला शुद्ध-अशुद्धतेच्या सिद्धांतावर दोन आठवडे व्याख्यानं ऐकावी लागली होती. सावली पडू नये म्हणून सकाळी-संध्याकाळी रस्त्यावर न येणं, थुंकी जमिनीवर पडू नये म्हणून गळ्यात मडकं, हे सगळं पोरांनी आजोबांच्या तोंडून ऐकलेलं असतं. बुडबुडा त्यांना समजावून सांगावा लागत नाही.

त्या लाल डोंगराच्या बरोबर खाली, दहा हजार मीटर समुद्राच्या तळाशी, मत्स्यमानवांचं बेट आहे. वरच्या पवित्र नगरीच्या थेट पायाखाली. दोनशे वर्षांपूर्वीपर्यंत सरकारच्या दप्तरी ही माणसं नव्हतीच, मासे होती. आजही साबाओडी बेटावरच्या जत्रेत त्यांच्या पोरांना पाळण्यात बसता येत नाही, पण तिथल्याच बाजारात त्यांचा लिलाव होतो. समुद्र कापून मैलोगणिक पोहणारी, माणसाच्या दहापट ताकदीची माणसं तोंड झाकून फिरतात. नाट्याच्या किनाऱ्यावर बसून हे बघताना पोरांना ते आपलं वाटलं यात नवल काय? समुद्रावर ज्यांचं घर चालतं त्यांच्या वासाबद्दल शहरात काय बोलतात, ते साखरी नाट्याच्या मच्छीमारांनाही ठाऊक आहे.

इथवर पोरं बरोबर आहेत. पण इथेच एक प्रश्न विचारायचा असतो आणि तो बाबासाहेबांनी विचारायला शिकवलाय. ही जात आहे का?

१९१६मध्ये कोलंबियात, वयाच्या पंचविशीत, बाबासाहेबांनी जातीवर निबंध वाचला. त्यात त्यांनी विटाळ हे जातीचं मूळ मानलं नाही. जातीचा कणा आहे तो जातीतल्या जातीत लग्न. एका वर्गानं आपली दारं आतून लावून घेतली आणि मग बाकीच्यांनीही लावली, काहींनी नक्कल म्हणून, काहींना ती बाहेरून लागलेली सापडली म्हणून. हा निकष तेनर्युबितोंना लावून बघा. चार्लोस नावाचा तेनर्युबितो साबाओडीच्या रस्त्यात एक परिचारिका बघतो आणि तिथल्या तिथे तिला बायको करायचं ठरवतो. तिचा नियोजित नवरा मध्ये आला तर त्याला गोळी घालतो. ही मालकाची मस्ती आहे, जुलूम आहे, बाईला वस्तू समजणं आहे. पण जात नाही. जातवाला गावगुंड आपल्या वस्तीतल्या बाईवर हात टाकेल. बायको म्हणून घरात घेणार नाही. उंबरठा तिथेच आहे.

म्हणजे ओदानं विटाळ पकडला, गुलामी पकडली, पण दाराची कडी त्याच्या हातून सुटली.

ही पंडिती बारकाई वाटेल. नाही. यावरून लढाई कशी लढायची ते ठरतं. मेरीजोआचं जग दोन मजल्यांचं आहे: वर तेनर्युबितो, खाली बाकी सगळे. मत्स्यमानव आणखी खाली आहेत, हे खरं. पण मधल्या माणसांपैकी कुणाच्याही डोक्यावर बुडबुडा नाही. बुडबुडा फक्त वरच्यांना. म्हणूनच लुफी त्या चार्लोसच्या तोंडावर ठोसा मारतो तेव्हा जगभरची पोरं खुर्चीतून उठतात. एक ठोसा, एक तोंड, आणि हिशोब पुरा झाल्यासारखा वाटतो.

३१ जानेवारी १९२०ला निघालेल्या ‘मूकनायक’च्या पहिल्या अंकात बाबासाहेबांनी या समाजाला मनोऱ्याची उपमा दिली. एकेक जात म्हणजे एकेक मजला आणि या मजल्यावरून त्या मजल्यावर जायला शिडीच नाही. शंभर वर्षांपूर्वी केलेली ही मांडणी कुठल्याही अ‍ॅनिमेतल्या जगापेक्षा जास्त भीषण आहे, कारण त्यात राक्षस एका नगरीत बसलेला नाही. प्रत्येक मजल्याला खालचा मजला आहे. आपल्याकडे बुडबुडा प्रत्येकाच्या डोक्यावर आहे. आकार कमीजास्त. ज्याच्या बुडबुड्यावर कुणी थुंकतो तोसुद्धा आपला बुडबुडा काढून फेकत नाही, कारण तो काढला तर खालच्याचा श्वास लागेल.

कोकणातलं कुठलंही गाव घ्या. वाड्यांच्या नावावरून मजले मोजता येतात. आमची वाडी गावाच्या नकाशात कुठे आहे, पाण्याच्या कुठल्या बाजूला, वाऱ्याच्या कुठल्या दिशेला, हे काही चुकून झालेलं नाही. आणि आपणही धुतल्या तांदळाचे नाही. चर्मकाराच्या घरी सोयरीक करायची म्हटली की विहारात पंचशील म्हणणारी माणसं कशी आवंढा गिळतात, ते मी बैठकीत बसून बघितलंय. मातंग वस्तीतली मुलगी सून म्हणून आली तर तिच्या हातचं खायचं कसं, असं विचारणारी आजी बाबासाहेबांच्या फोटोखालीच बसलेली असते. तेनर्युबितोचं सोंग आपण किती सहज करतो!

आता खोताबद्दल, कारण तेनर्युबितोच्या जवळ जाणारं आपल्या जिल्ह्यात काही असेल तर ते खोत. सरकारचा सारा गोळा करायचा मक्ता वंशपरंपरेनं खोताकडे, आणि त्या जोरावर कुळांच्या पिकातला वाटा त्याचा, वेठबिगारीला कुळांची माणसं त्याची. पण बघा, खोत सगळे ब्राह्मण नव्हते. मराठे खोत होते, मुस्लिम खोतही होते. आणि कुळं सगळी महार नव्हती, बहुसंख्य कुणबी होती. खोतापुढे वाकणारा कुणबी आपल्या अंगणात महाराला उभा करत नव्हता. दोघांचा मालक एक, दोघांचं कर्ज एक, पण पाणवठा वेगळा. लुफीनं इथे येऊन खोताच्या थोबाडीत मारली असती तरी संध्याकाळी दोघं आपापल्या पाणवठ्यावरच गेले असते.

बाबासाहेबांनी काय केलं? त्यांचं मूळ गाव आंबडवे, मंडणगड तालुक्यातलं, याच जिल्ह्यातलं. १७ सप्टेंबर १९३७ला त्यांनी मुंबई कायदेमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. १० जानेवारी १९३८ला कोकणातून आणि इतर भागांतून आलेल्या हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा त्यांनी मुंबईत कौन्सिल हॉलवर नेला. त्या मोर्चात कुणबी आणि महार एकाच रांगेत चालले. माझ्या मते ती रांग चवदार तळ्याइतकीच मोठी गोष्ट आहे आणि आपण तिचा वर्धापनदिन साजरा करत नाही. विधेयक तेव्हा पास झालं नाही. खोती रद्द करणारा कायदा यायला १९४९ उजाडलं, आणि कुळाचं नाव सातबाऱ्यावर चढवायला त्यापुढे कित्येकांची हयात गेली.

‘वन पीस’मध्ये प्रत्येक बेटावर जुलमी सत्ता पडते, मोठी मेजवानी होते, मांस-भाकरीचा फडशा पडतो आणि जहाज पुढच्या बेटाकडे निघतं. मेजवानीनंतरचा सोमवार आपल्याला कधीच दिसत नाही. जमीन कुणाच्या नावावर झाली? तलाठी कोण? शाळेत पहिल्या बाकावर कुणाचा पोरगा? कार्यकर्त्याचं आयुष्य त्या सोमवारात जातं.

मत्स्यमानवांच्या बेटाच्या कथेकडे परत येते, कारण तिथे ओदानं आपल्याशी संबंधित एक वाद मांडलाय आणि त्यात माझं त्याच्याशी भांडण आहे.

तिथे तीन वाटा दाखवल्यात. राणी ओतोहिमे म्हणते, माणसांचा द्वेष करू नका, आपण सह्या गोळा करू, जगाच्या परिषदेपुढे ठेवू, त्यांची मनं जिंकू. फिशर टायगर म्हणजे दुसरी वाट. स्वतः गुलामी भोगलेला हा माणूस नुसत्या हातांनी तो लाल डोंगर चढतो आणि मेरीजोआतल्या हजारो गुलामांना सोडवतो. कुठल्याही जातीचा, कुठल्याही वंशाचा गुलाम. ज्यांच्या पाठीवर मालकाचा डाग होता त्यावर तो सूर्याचं चिन्ह उमटवतो, म्हणजे कोण गुलाम होता आणि कोण नव्हता हे कुणाला ओळखूच येऊ नये. (१४ ऑक्टोबर १९५६ची दीक्षाभूमी आठवली नाही असा आपला माणूस मला अजून भेटलेला नाही.) तिसरा होडी जोन्स. नाव होडी, पण काम बुडवायचं. तो ओतोहिमेला गोळी घालतो, सह्या जाळतो, आळ माणसांवर ढकलतो, पुढे बेटाची सत्ता बळकावतो. शेवटी त्याला विचारलं जातं, की माणसांनी तुझं नेमकं काय वाकडं केलं? तो सांगतो, काही नाही. गोष्ट त्याच्यावर निकाल देते: हा पोकळ आहे, याचा द्वेष उसना आहे.

होडीची बाजू मी घेणार नाही. आपल्याच लोकांना मारून सत्ता घेणारा माणूस कुठल्याही निळ्या किंवा काळ्या झेंड्याखाली नको. पण तो प्रश्न ऐकून माझे कान तापले, कारण तो मी रोज ऐकते. तुला कधी कुणी जातीवरून बोललंय का? तुझ्यावर काय अन्याय झाला? तू तर शिकलीस, नोकरी लागली, आरक्षण मिळालं, मग एवढा राग कशाचा? म्हणजे रागाला पावती हवी. अंगावर वळ असेल तर दाखवा, नाहीतर तुमचा राग उसना. हाच प्रश्न चार्लोसला कुणी विचारत नाही, की मत्स्यमानवांनी तुझं काय बिघडवलं म्हणून तू बुडबुडा घालतोस? वरच्याचा तिरस्कार ही परंपरा, खालच्याचा राग हा आजार!

जातीचा पुरावा एकेकट्याच्या जखमेत शोधायचा नसतो. तो वाडीच्या जागेत असतो, लग्नाच्या पत्रिकेत असतो, स्मशानाच्या वाटेत असतो. मला कुणी शिवी दिली नाही तरी माझी वाडी जिथे आहे तिथेच आहे. ओदा हुशार लेखक आहे, पण इथे त्यानं ‘दोन्ही बाजूंचा द्वेष’ असं समीकरण मांडलं आणि तराजू सरळ केल्याचा आव आणला. ओतोहिमेच्या सह्यांनाही मी तेच म्हणेन. वरच्यांच्या मनपरिवर्तनावर जिची मदार, ती मोहीम कितीही सात्त्विक असली तरी तारीख वरचेच ठरवणार. पुणे करारानंतरच्या हरिजन सेवेचा अनुभव आपल्या गाठीशी आहे. बाबासाहेबांनी तेव्हाच सांगितलं होतं, की दयेचे दवाखाने नकोत, हक्काची लढाई हवी.

पण त्याच कथेत ओदानं एक गोष्ट अशी केलीय, की सगळं भांडण विसरून त्याला दाद द्यावी. रक्त. बेटावर जुना कायदा आहे, की माणसाला आपलं रक्त द्यायचं नाही. फिशर टायगर जखमी होऊन पडतो. जहाजावर माणसाचं रक्त आहे, ते घेतलं तर तो वाचेल. तो नाकारतो आणि मरतो. डोक्यानं त्याला सगळं कळतं, लहानग्या गुलाम पोरीला तो स्वतः तिच्या घरी पोचवून आलेला असतो, पण अंग ऐकत नाही. पुढे काही वर्षांनी लुफी रक्त वाहून मरायला टेकतो तेव्हा जिन्बे नावाचा मत्स्यमानव तो कायदा मोडून आपलं रक्त त्याच्या अंगात घालतो. रक्तगट तोच निघतो. अर्थात निघतो.

आपल्याकडे ही अडचण रक्तपेढीत कधीच नव्हती. १४ एप्रिलला आपण शिबिर घेतो, बाटल्या भरतात, त्या कुणाच्या अंगात जातात हे कुणी विचारत नाही. रक्तपेढीत आमचं रक्त चालतं, पत्रिकेत चालत नाही. २०१४मध्ये खर्ड्याला सतरा वर्षांच्या पोराचा जीव गेला तो फक्त एका मुलीशी बोलल्याच्या संशयावरून, आणि २०१७मध्ये खटल्यातले आरोपी निर्दोष सुटले. मे २०२०मध्ये नेपाळच्या पश्चिम रुकुममध्ये एक दलित तरुण मित्रांना घेऊन आपल्या प्रेयसीला आणायला गेला. सहा पोरांची प्रेतं नदीतून काढावी लागली. ज्या नेपाळच्या फाटकावर गवती टोपी लागली त्याच नेपाळमध्ये. तो झेंडा हातात घेतलेल्या किती पोरांना रुकुम आठवलं असेल, हा माझा प्रश्न आहे आणि तो मी काठमांडूपेक्षा इथल्या पोरांना विचारते.

ओहाराबद्दल थोडंच लिहिते, कारण त्यावर आपल्यात फारसा वाद नाही. जगाच्या इतिहासातली शंभर वर्षं सरकारनं पुसून टाकलीत. ती दगडांवर कोरलेली आहेत, पण ती लिपी वाचणं गुन्हा. ओहाराच्या विद्वानांनी वाचली म्हणून अख्खं बेट तोफांनी जाळलं. वाचली ती आठ वर्षांची निको रॉबिन. आपल्या पोरांना हे सांगावं लागत नाही. अशोकाचे शिलालेख शेकडो वर्षं सगळ्यांसमोर उभे होते आणि वाचता कुणालाच येत नव्हते. १८३७च्या सुमारास जेम्स प्रिन्सेपनं ब्राह्मी लिपी उलगडली तेव्हा धम्माचा राजा बोलू लागला. आपल्या नालासोपाऱ्यात १८८२मध्ये भगवानलाल इंद्रजींना अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा सापडला. आपल्याच जिल्ह्यात दापोलीजवळ पन्हाळेकाजीला एकोणतीस लेणी आहेत, आधी बौद्ध, मग नाथपंथी. १९७० सालापर्यंत जगाला त्यांचा पत्ता नव्हता. ‘वन पीस’मधला तो दगड बघून हळहळणाऱ्या किती जणांनी पन्हाळेकाजी पाहिलंय? राजापूरहून एका दिवसात जाऊन येता येतं.

आता तो झेंडा आणि कायदा. ‘वन पीस’मध्ये नौदलाच्या अधिकाऱ्यांच्या पाठीवर ‘न्याय’ असं लिहिलेलं असतं आणि त्याच पाठी लिलावाच्या बाजाराकडे वळलेल्या असतात. कायदा म्हणजे वरच्यांचं हत्यार, एवढंच त्या जगाला माहीत आहे. नाट्याच्या माणसाला हे पटायला वेळ लागत नाही. जैतापूरच्या नऊ हजार नऊशे मेगावॅटच्या अणुप्रकल्पाला विरोध चालू असताना १८ एप्रिल २०११ला इथे आंदोलक पोलीस ठाण्यावर चालून गेले, गोळीबार झाला आणि साखरी नाट्याचा एक तरुण मच्छीमार मेला. आजही त्या दिवसाचा विषय निघाला की बंदरावर माणसं आवाज खाली आणतात.

तरीही. त्या जगात चाच्यांशिवाय पर्याय नाही, कारण तिथे राज्यघटना नाही. तिथल्या कुणा मत्स्यमानवानं मेरीजोआत बसून सगळ्या जगाचा कायदा लिहिलेला नाही. आपल्याकडे लिहिलाय. अस्पृश्यता गुन्हा ठरवणारा १९५५चा कायदा, १९८९चा अत्याचार प्रतिबंधक कायदा, हे वरच्यांना दया आली म्हणून मिळालेले नाहीत. ते आहेत म्हणून ठाण्यात तक्रार लिहून घ्यायला ठाणेदाराला भाग पाडता येतं. लिहून घेत नाही तेव्हा त्याच्यावर कलम लावायची मागणी करता येते. हे काम कंटाळवाणं आहे. जातीचा दाखला, पंचनामा, साक्षीदार फुटू नये म्हणून त्याच्या घरी रोज जाऊन बसणं. यावर अ‍ॅनिमे कुणी काढणार नाही. पण २५ नोव्हेंबर १९४९ला घटना समितीत बाबासाहेबांनी सनदशीर मार्गांचा जो आग्रह धरला, तो त्यांना राग नव्हता म्हणून नाही. ज्याच्यामागे ना सैन्य ना जहाज, त्याच्या हातून कायदाही गेला तर उरतं काय, हे त्यांना ठाऊक होतं.

स्टिकर काढा, असं मी पोरांना सांगितलेलं नाही. राहू दे. फक्त ‘यात सगळं आपलंच आहे’ असं म्हणू नका. अर्धं आहे. उरलेलं अर्धं आपल्या वाडीत, आपल्या घरात, आपल्या बहिणीच्या लग्नाच्या बोलणीत आहे, आणि तिथे ठोसा मारायला समोर चार्लोस नसतो, आपली आत्या असते.

येत्या रविवारी दुपारी तीन वाजता विहारात साबाओडीचे भाग मोठ्या पडद्यावर लावणार आहोत. त्यानंतर १९१६च्या निबंधाचं मराठी भाषांतर वाचू. येताना प्रत्येकानं एक कोरा कागद आणायचा आणि त्यावर आपल्या गावाचा नकाशा काढायचा: कुठली वाडी कुठे, विहीर कुठे, स्मशानाची वाट कुणाच्या जमिनीतून जाते. वडीलधाऱ्यांनीही यावं. खुर्च्या आहेत, चहा आहे. कुणबीवाडीतली दोन पोरं विचारत होती, आम्ही आलो तर चालेल का. त्यांना मी पहिल्या रांगेत जागा ठेवलीय.

जय भीम.